मुखवट्यासमोर उभी राहिलेली मुले

१९५५ ते १९७५ या काळातल्या अमेरिकी कुटुंबांच्या अल्बममध्ये एका प्रकारचा फोटो हमखास आढळतो. कडक ऊन पडलेले असते, मूल इस्त्रीच्या कपड्यांत उभे असते आणि त्याच्या शेजारी त्याच्या दुप्पट उंचीचा उंदीर, कुत्रा, डुक्कर किंवा लांडगा असतो, म्हणजे डिस्नेलँडमध्ये मुखवटा आणि पोशाख घालून पात्र झालेला माणूस. फोटो घरच्याच कोणीतरी काढलेला असतो, त्यामुळे कधी कडेला कोणाचा तरी कोपर आलेला दिसतो, तर कधी उंदराचा एक कान चौकटीबाहेर गेलेला असतो. असे फोटो मी बरीच वर्षे जमवत आहे. त्यांतले बहुतेक माझ्या ओळखीच्या कुटुंबांचे नाहीत, जुनी घरे रिकामी करताना खोक्यांसकट विकले गेलेले आहेत, आणि तरीही त्यांतल्या काही मुलांचे चेहरे मला आता नातेवाईकांइतके ओळखीचे झाले आहेत.

हल्ली असे फोटो स्कॅन होऊन लोकांसमोर आले की त्यांवर एक ठरावीक शेरा येतो: पोशाख किती भेसूर आहेत आणि बिचारी मुले किती घाबरली आहेत. शेरा देणाऱ्याची नजर मुखवट्यावर खिळलेली असते, मुलाकडे ती ओझरतीच जाते. मुखवटा क्षणभर बाजूला ठेवून मुलाचे हात, पावले आणि मान नीट पाहिली, तर भीतीखेरीज बरेच काही दिसू लागते. मूल त्या क्षणी एक अवघड निर्णय घेत असते. समोर आहे ते खरे मानायचे का, मानले तर त्याच्या किती जवळ जायचे, आणि मोठी माणसे मागून ‘जा ना पुढे’ म्हणत असताना आपल्या मनाचे किती ऐकायचे, हे सगळे त्याला काही सेकंदांत ठरवायचे असते. त्या ठरवण्याच्या मधोमध कॅमेऱ्याची कळ दाबली गेलेली आहे, आणि म्हणूनच हे फोटो मला मोलाचे वाटतात.

पोशाख भेसूर दिसतात ही गोष्ट मात्र खरी आहे आणि तिला कारणेही आहेत. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड या मनोरंजन उद्यानाचे उद्घाटन झाले आणि एबीसी वाहिनीने ते देशभर थेट दाखवले. त्या दिवशी मिरवणुकीत मिकी, मिनी आणि इतर पात्रे फिरली, पण त्यांचे पोशाख उद्यानाने स्वतः शिवून घेतलेले नव्हते. आइस कपेड्स नावाच्या, बर्फावरच्या स्केटिंगच्या फिरत्या कार्यक्रमात डिस्नेच्या पात्रांचे प्रवेश असत, तिथले पोशाख तात्पुरते आणलेले होते. ते मुळात स्टेडियममध्ये, दूरच्या खुर्चीवरून पाहिले जाण्यासाठी केलेले होते. दुरून पात्र ओळखू यावे म्हणून मुखवट्यावरच्या रेषा ठळक होत्या, डोळे रंगवलेले आणि स्थिर होते, आणि आतल्या स्केटरला दिसावे म्हणून मुखवट्याच्या तोंडात जाळी बसवलेली होती. बर्फावर पन्नास-साठ फुटांवरून जे ठीक दिसत असेल, तेच चार वर्षांच्या मुलाच्या नाकासमोर हातभर अंतरावर आले, आणि मुलाला त्या उघड्या तोंडाच्या काळ्या जाळीमागे काहीतरी हलताना दिसले. मुलाची मान मागे का गेली आहे, हे कळण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

यात चित्र आणि देह यांच्यातली एक मूळची अडचणही आहे. पडद्यावरचा मिकी कोणत्याही बाजूला वळला तरी त्याचे दोन्ही कान गोलच दिसतात, कारण चित्रकाराला ती मुभा असते. खऱ्या मुखवट्यावरचा कान बाजूने पाहिला की चपट्या तबकडीसारखा होतो. चित्रातल्या मिकीचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने एवढे मोठे असते की ते प्रमाण प्रौढ माणसाच्या अंगावर चढवायचे तर डोक्याचा पिंप करावा लागेल. सुरुवातीच्या पोशाखांत डोके लहान ठेवलेले आहे, त्यामुळे खाली माणसाचे लांब पाय दिसतात आणि एकूण आकृती उंदरापेक्षा उंदराचे डोके घातलेल्या गृहस्थासारखी वाटते. साठच्या दशकात हे बदलत गेले. बिल जस्टिस यांच्यासारखे, आयुष्यभर ही पात्रे कागदावर काढलेले ॲनिमेशनचे कलाकार पोशाखांच्या आखणीत उतरले. आइस कपेड्समध्ये स्केटिंग केलेले पॉल कॅसल १९६१ पासून पुढे अनेक वर्षे डिस्नेलँडमध्ये मिकी झाले. त्यांची उंची साडेचार फुटांच्या आसपास होती, त्यामुळे त्या काळातल्या फोटोंत मिकी प्रथमच मुलांच्या बरोबरीचा वाटू लागतो. सात वर्षांची मुलगी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहू शकते. आधीच्या फोटोंत हे शक्यच नव्हते.

काही उपाय फारच कल्पक होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात उद्यानात आलेल्या विनी द पूच्या पोशाखात अस्वलाच्या डोक्यावर मधाचे भांडे पालथे घातलेले दिसते. ते शोभेचे वाटले तरी आतल्या माणसाची नजर त्या भांड्यातून बाहेर पडत असे, आणि पूचा चेहरा त्याच्या छातीच्या उंचीवर येत असे. या फोटोंत एक गोष्ट वारंवार दिसते. मूल पूच्या चेहऱ्याकडे पाहत असते आणि पू मात्र मुलाच्या डोक्यावरून कुठेतरी लांब पाहत असल्यासारखा उभा असतो. आतल्या माणसाला पायाशी आलेले लहान मूल दिसणे किती कठीण असेल, याची कल्पना मुखवट्याच्या रचनेवरूनच येते. ज्या फोटोंत पात्र गुडघ्यावर बसलेले आहे, दोन्ही हात उघडे ठेवून थांबलेले आहे, त्यांत आत एक जाणता माणूस आहे हे लगेच ओळखू येते. मुखवटाधारी पात्रांनी बोलायचे नाही असा दंडक होता आणि आजही आहे. सारा संवाद हातांनी आणि मानेच्या कलाने करायचा. मोजे घातलेले दोन मोठे पांढरे हात जमिनीकडे तळवे करून स्थिर धरलेले आणि समोर एक मूल अर्ध्या पावलावर अडलेले, असा एक कृष्णधवल फोटो माझ्याकडे आहे. त्यातल्या माणसाचे नाव कळण्याची शक्यता नाही, पण त्याचे काम मी अनेकदा न्याहाळून पाहिले आहे.

फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला यावर तो कसा दिसतो हे फार अवलंबून असते, आणि हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पन्नासच्या दशकात सर्वसामान्य अमेरिकी कुटुंबाच्या हातात बहुधा कोडॅकचा ब्राउनी हॉकआय असे. १९४९ ते १९६१ या काळात तयार झालेला हा बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या कडक प्लास्टिकचा काळा डबा होता. त्यात ६२० आकाराचा रोल बसे आणि त्यावर बारा चौकोनी फोटो निघत. फोकस जुळवायची सोय नव्हती, विषय पाच फुटांपेक्षा दूर असला की तो पुरेसा स्पष्ट येई, आणि शटरचा वेग सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास असे. याचा अर्थ असा की मुलाने त्या क्षणी हात झटकला तर तो हात फोटोत धुरकट होणार. जुन्या फोटोंत मुलांचे हात अनेकदा असे पुसट झालेले असतात आणि बाकी सारे जागच्या जागी स्पष्ट असते. मिकीचा मोजा अगदी स्पष्ट आणि त्यातून सुटणारा छोटा हात पुसट, एवढ्यावरून कोण थांबले होते आणि कोण निघाले होते ते कळते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हॉकआय डोळ्याला लावायचा कॅमेरा नव्हता. तो पोटाशी धरून वरच्या काचेत वाकून पाहावे लागे. त्यामुळे भिंग जमिनीपासून सुमारे तीन-साडेतीन फुटांवर, म्हणजे नेमके लहान मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येई. फोटो काढणारा बाप सहा फूट उंचीचा असला तरी फोटो मुलाच्या उंचीवरून निघत असे. म्हणून या फोटोंत मूल आपल्याशी समोरासमोर असते आणि त्याच्या शेजारचा लांडगा आभाळात उंच गेलेला दिसतो. पुढे १९६३ मध्ये कोडॅकने इन्स्टामॅटिक आणला. रोलची भरणी सोपी झाली, काडतुसासारखी डबी आत टाकली की काम झाले, आणि कॅमेरा पोटावरून डोळ्यांपाशी गेला. या कॅमेऱ्याच्या फोटोंत मूल वरून पाहिलेले असते, त्याच्या डोक्याचा भांग दिसतो, खालचा पदपथ जास्त दिसतो आणि पात्र पूर्वीइतके अवाढव्य वाटत नाही. पोशाख सुधारल्यामुळे नंतरच्या फोटोंतली मुले कमी घाबरलेली दिसतात असे म्हटले जाते, त्यात तथ्य आहेच, पण फोटोची उंची बदलल्याचा वाटाही मला कमी वाटत नाही.

आणखी एक साधी बाब. ‘सूर्य पाठीशी ठेवा’ हा कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या सूचनापत्रकातला ठरलेला सल्ला होता आणि लोक तो मनापासून पाळत. काढणाऱ्याच्या पाठीशी सूर्य म्हणजे मुलाच्या डोळ्यांत सूर्य. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जुलै महिन्यातल्या उन्हात डोळे बारीक केलेला, कपाळाला आठ्या घातलेला, वरचा ओठ वर ओढलेला चेहरा हा भीतीचा चेहरा आहे असे ठामपणे म्हणताच येत नाही. मुखवटा घातलेल्या पात्राला मात्र ऊन लागत नाही, त्याचे रंगवलेले डोळे टक्क उघडे असतात. एकाच चौकटीत हे दोन चेहरे शेजारी आले की पाहणारा आपोआप एकाला क्रूर आणि दुसऱ्याला दीन ठरवतो. अशा फोटोंत जमिनीवर पुढच्या बाजूला एक लांब सावली पडलेली असते, टोपी घातलेल्या माणसाची, कोपरे बाहेर काढलेली. तो फोटो काढणारा. कित्येक अल्बममध्ये त्याचे एवढेच अस्तित्व उरलेले असते.

आता एकच फोटो सावकाश पाहू. चौकोनी, पांढऱ्या कडेचा, कृष्णधवल. लांडग्याच्या वेशातला माणूस डाव्या बाजूला आहे, त्याच्या डोक्यावर चेपलेली उंच टोपी आहे आणि पँटवर ठिगळ आहे. उजव्या बाजूला तीनेक वर्षांचा मुलगा आहे, आखूड पँट, घोट्यापर्यंत मोजे, दोन रंगांचे बूट. मुलगा रडत नाही. त्याचे तोंड मिटलेले आहे. त्याचा उजवा हात लांडग्याच्या पंजात आहे, कारण तो तिथे दिला गेला आहे, पण त्याची बोटे पंजाभोवती मिटलेली नाहीत, ती सरळ ताठ आहेत. डाव्या हाताने त्याने स्वतःच्याच पँटचा कापडाचा चिमटा धरला आहे. पावले कॅमेऱ्याकडे आणि चेहरा लांडग्याकडे वळलेला आहे. पळायची दिशा पावलांनी निवडून ठेवली आहे आणि नजर मात्र हटायला तयार नाही. या मुलाला ‘घाबरलेला’ म्हटले तर ते चूक ठरणार नाही, पण त्यात त्याच्यावर अन्याय होतो. तो पाहतो आहे, आणि इतक्या एकाग्रतेने पाहतो आहे की तेवढी एकाग्रता मोठ्यांच्या चेहऱ्यावर क्वचित दिसते.

त्याच्या वयाच्या मुलाच्या लेखी मुखवटा म्हणजे काय असतो, याबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मानसशास्त्रज्ञ रेटा डीव्रीज यांनी १९६९ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे मेनार्ड नावाचे एक अतिशय शांत मांजर होते. मुले आधी मेनार्डला भेटत, त्याला हात लावत. मग त्याचा पुढचा भाग आडोशामागे नेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला जाई, आणि मागचा भाग व शेपटी त्या वेळीही मुलांना दिसत राही. म्हणजे प्राणी बदललेला नाही, हे मुलांच्या डोळ्यांसमोर होते. तरीही आडोसा दूर झाल्यावर तीन वर्षांची अनेक मुले हा आता कुत्रा आहे असे म्हणत, आणि काही जण त्याच्यापासून दूर राहत. सहा वर्षांच्या मुलांना मात्र ते मुखवटा घातलेले मांजरच आहे हे पक्के ठाऊक असे. फोटोतल्या लांडग्यासमोर उभ्या असलेल्या त्या मुलासाठी ‘आत माणूस आहे’ ही मोठ्यांची समजूत काहीच कामाची नव्हती. त्याच्यासमोर लांडगा होता, आणि त्याने त्या लांडग्याला हात दिला होता.

त्यातून त्या पिढीच्या मुलांची या पात्रांशी ओळख झाली होती ती मुख्यतः दूरचित्रवाणीवरून. डिस्नेचा साप्ताहिक कार्यक्रम एबीसीवर १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि ‘मिकी माउस क्लब’ हा मुलांचा कार्यक्रम ३ ऑक्टोबर १९५५ पासून. घरातला संच बहुधा कृष्णधवल आणि लहान पडद्याचा. म्हणजे मुलाच्या ओळखीचा मिकी काही इंच उंचीचा, करड्या रंगाचा, काचेमागचा आणि बोलणारा होता. उद्यानात भेटला तो पाच फुटांचा, लाल चड्डीतला, मुका आणि अंगावर हात टाकणारा. एवढा फरक पचवायला काही क्षण लागले तर त्यात नवल नाही. कित्येक मुलांच्या डोक्यावर त्या क्लबमुळे गाजलेली काळ्या कानांची टोपी असते, पाठीमागे धाग्याने नाव भरलेले असते. स्वतःच्या डोक्यावर कान असलेले मूल कानांच्या खऱ्या मालकासमोर उभे राहते, तेव्हा त्याचा हात बहुतेक वेळा आपल्या टोपीकडे जातो. हे मी इतक्या फोटोंत पाहिले आहे की आता आधी तिकडेच नजर जाते.

सात-आठ वर्षांच्या मुलांचे फोटो वेगळे असतात. त्यांना आत माणूस आहे हे कळलेले असते आणि तो कोण आहे हे पाहायचे असते. त्यांची मान पुढे जाते, डोळे मुखवट्याच्या रंगवलेल्या डोळ्यांना सोडून थेट तोंडाच्या जाळीत शिरतात. एका रंगीत स्लाइडमध्ये फ्रॉकमधली, हातात छोटी पर्स धरलेली मुलगी टाचा उंचावून प्लुटो या कुत्र्याच्या जबड्यात डोकावते आहे आणि प्लुटोने, म्हणजे आतल्या माणसाने, मान हळूच दुसरीकडे वळवली आहे. खरे दिसू नये म्हणून तो मान वळवतो, आणि मुलीलाही बहुधा तेच हवे असते, कारण तिच्या चेहऱ्यावर निराशेचा लवलेश नाही. या वयाची मुले गुपित राखायला मदत करतात. धाकट्या भावंडाला पुढे ढकलणारी, त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘काही करत नाही तो’ असे सांगत असणारी, तीच असतात.

पुतळ्यांशी मुले अगदी मोकळी असतात, हेही जाता जाता नोंदवायला हवे. डिस्नेलँडपासून जवळच, ब्यूना पार्क येथे नॉट्स बेरी फार्म हे मनोरंजन उद्यान आहे आणि तिथल्या १९४० पासून उभारल्या गेलेल्या घोस्ट टाउनमध्ये बाकावर बसलेले जुन्या पश्चिमेकडच्या वेशातले पुतळे होते, त्यांतले हँडसम ब्रेडी आणि व्हिस्की जिम ही जोडी सर्वांत लोकप्रिय. त्यांच्या मांडीवर बसलेली, गळ्यात हात टाकलेली मुले बिनधास्त हसत असतात. पुतळा हलत नाही, काही मागत नाही, त्याच्याबद्दल काही ठरवावे लागत नाही. ते फोटो छान आहेत, पण मी त्यांच्याकडे फारसा परतत नाही.

या संग्रहांतली एक बाजू मला नेहमी थांबवते. डिस्नेलँडच्या फ्रंटियरलँड या विभागात १९५५ साली क्वेकर ओट्स कंपनीच्या पुरस्काराने, तिच्या पॅनकेकच्या पिठावरच्या पात्राच्या नावाने, आंट जेमायमाचे पॅनकेक हाउस सुरू झाले. तिथे आयलिन लुईस या कृष्णवर्णीय महिला त्या पात्राच्या वेशात, डोक्याला रुमाल बांधून, गिऱ्हाइकांचे स्वागत करत आणि मुलांबरोबर फोटो काढून घेत. उद्यानातल्या सगळ्या पात्रांमध्ये मुले सर्वांत सहज त्यांच्याच कुशीत गेलेली दिसतात. मुखवटा नव्हता, चेहरा खरा होता, हसू खरे होते आणि त्या मुलांशी बोलू शकत होत्या. पण त्या ज्या पात्राच्या वेशात उभ्या होत्या ते पात्र गुलामगिरीच्या काळातल्या स्वयंपाकिणीचे, गोऱ्या समाजाच्या सोयीचे, विडंबनातून आलेले चित्र होते, आणि ते नाव पुसायचे ठरवायला कंपनीला २०२० साल उजाडावे लागले. लांडग्याचा मुखवटा पाहून अंगावर काटा आल्याचे लिहिणारे लोक या फोटोंवरून सहज पुढे जातात. मला या सगळ्या ढिगाऱ्यात खरी अस्वस्थता वाटते ती याच फोटोंपाशी, आणि त्या अस्वस्थतेत त्या बाईंच्या कामाबद्दलचा आदरही मिसळलेला असतो, कारण मुलांना जवळ घेण्याची त्यांची पद्धत फोटोंमधून आजही ऊबदार वाटते.

फोटोंत कोण आहे याबरोबर कोण नाही हेही पाहावे लागते. खोक्यामागून खोकी चाळली तरी बहुतेक मुले गोरीच दिसतात. त्या काळात अमेरिकेतली कित्येक मनोरंजन उद्याने कृष्णवर्णीय मुलांना बंद होती. मेरिलँडमधल्या ग्लेन एको पार्कमध्ये १९६० साली निदर्शने झाली आणि १९६१ मध्ये ते सर्वांना खुले झाले. अटलांटामधल्या फनटाउनची जाहिरात दूरचित्रवाणीवर पाहून तिथे जायचा हट्ट धरणाऱ्या आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, ते तुझ्यासाठी बंद आहे हे समजावताना जीभ कशी अडखळते, हे मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. जे फोटो निघाले नाहीत त्यांचा संग्रह कोणाला करता येत नाही, पण निघालेले फोटो पाहताना त्यांची जागा रिकामी आहे हे लक्षात ठेवता येते.

जमवणाऱ्यांसाठी थोडे तांत्रिक. फोटोच्या पांढऱ्या कडेवर छापलेला महिना आणि वर्ष हा रोल धुऊन छापल्याचा असतो, काढल्याचा नव्हे. बारा फोटोंचा रोल संपायला काही घरांत सहा-सहा महिने लागत, त्यामुळे कडेवर फेब्रुवारी आणि चित्रात अर्ध्या बाह्यांचा सदरा असे सर्रास दिसते. वर्ष ठरवायचे तर कडेपेक्षा मुखवट्यावर विश्वास ठेवावा. तोंडात उघडी जाळी आणि लांब पाय दिसले तर फोटो बहुधा पन्नासच्या दशकातला, डोके मोठे आणि अंग गोलसर दिसले तर नंतरचा. रंगांचे म्हणाल तर साठ-सत्तरच्या दशकांतले कागदी रंगीत प्रिंट आता तांबूस झालेले असतात, कारण त्यांतला निळसर रंगद्रव्याचा थर आधी विरतो आणि मागे लाल छटा उरते. कोडॅक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या स्लाइड मात्र अंधारात ठेवल्या असतील तर आजही ताज्या दिसतात, मिकीची चड्डी लालच आणि आकाश निळेच. ती फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळा, कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावातली ड्वेन्स फोटो, हिने २०१० च्या अखेरीस तिचे रोल घेणे बंद केले. त्यामुळे एखाद्या कपाटात न धुतलेला कोडॅक्रोमचा रोल निघाला, तर त्यातले मूळ रंग आता मिळणार नाहीत. कृष्णधवल प्रतिमा कोणी काढून दिली, तर तेवढीच.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने २००७ मध्ये रॉबर्ट जॅक्सन यांच्या संग्रहातून १८८८ ते १९७८ या काळातल्या अमेरिकी स्नॅपशॉटचे प्रदर्शन भरवले, तेव्हापासून घरगुती फोटोंकडे गांभीर्याने पाहणाऱ्यांची संख्या वाढली आहे, याचा मला आनंद आहे. मात्र प्रदर्शनात आणि पुस्तकांत एकेकटा, निवडलेला फोटो जातो, आणि या विषयात निवडच घात करते. कुटुंबांनीही अशीच निवड केली. मूल हसले तो फोटो अल्बममध्ये चिकटवला, आणि ज्यात ते आईच्या झग्यामागे होते, पाठमोरे होते किंवा हात पुसट आला होता तो पाकिटातच राहिला किंवा टाकून दिला गेला. आज विकणारेही तसेच करतात, फक्त उलट्या बाजूने: रडणारे मूल आणि भेसूर ससा यांना भाव येतो, म्हणून तेवढेच सुटे करून विकतात.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की निगेटिव्हची पट्टी कापू नका आणि पाकिटातले फोटो सुटे करू नका. माझ्याकडच्या एका पाकिटात निगेटिव्हवरच्या क्रमांकांमुळे तीन फोटोंचा क्रम शाबूत राहिला आहे. चार क्रमांकाच्या चौकटीत मुलगा वडिलांच्या पायाला मिठी मारून आहे आणि गूफी, डिस्नेचा दोन पायांवर चालणारा कुत्रा, चांगला दहा फुटांवर आहे. पाच क्रमांकाच्या चौकटीत दोघांमधले अंतर अर्धे झाले आहे, गूफी खाली बसला आहे, मुलाने एक हात सोडला आहे. सहा क्रमांकाच्या चौकटीत मुलाचा पंजा गूफीच्या नाकावर आहे आणि चेहरा हलल्यामुळे पुसट आला आहे. पाकिटावर त्या काळी पेन्सिलीने मारलेल्या खुणेवरून दिसते की मोठी प्रत काढून घेण्यासाठी घरच्यांनी सातवा फोटो निवडला होता. त्यात सगळे रांगेत उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत.